अकराचा चहा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज चपला न घालताच निघाली! मी जिन्याखाली उभाच होतो. म्हटलं, "मॅडम, ऑफिसात अनवाणी?" केतकी हसत परत खाली आली, चपला घातल्या, डबा उचलला आणि बाहेरच्या जिन्याने माडीवरच्या खोलीत गेली. साडेनऊच्या आत. ठीक.

हा नियम मी घातला आणि मला त्याची मुळीच लाज नाही. पोरगी पुण्याच्या कंपनीत आहे. तिकडे ऑफिसची नवी इमारत होत होती, म्हणून जुलैपासून इथे पांढरकवड्यात घरून काम करते. पहिल्या आठवड्यात बघितलं तर बाईसाहेब पलंगावर, मांडीवर लॅपटॉप, एका हातात पोह्यांची बशी! याला नोकरी म्हणायचं? मी सगळी नोकरी एसटीने वणीला अपडाऊन करून काढली. इस्त्रीचा शर्ट अंगात असल्याशिवाय फाइलला हात लावला नाही. तेव्हा माडी झाडून घेतली, माझं टेबल वर चढवलं आणि सांगून टाकलं — ऑफिसला घरातून निघून जायचं असतं, मग ते डोक्यावर का असेना.

शीला म्हणाली, "तुम्ही रिटायर झाले, पन तुमचं ऑफिस काही रिटायर होऊन नाही राह्यलं!" बायको आहे, बोलणारच.

५ नोव्हेंबर

अकराचा चहा मी वर नेतो. शीला करते, मी नेतो. आमच्या ऑफिसात बबनराव शिपाई आणायचा. दार दोनदा वाजवायचा, थांबायचा, मग आत. मीही तसंच करतो. केतकी कानातला हेडफोन काढते नि म्हणते, "या, बबनराव!" मग चहा संपेपर्यंत कामाचं काहीबाही सांगते. अर्धं माझ्या डोक्यावरून जातं. पण जूनअखेर घरी बसल्यापासून दिवसभरात मी वाट बघतो ती एवढ्याचीच.

हे तिला सांगणार नाही. शेफारेल.

७ नोव्हेंबर

झालं! कंपनीचा हुकूम आला. इमारत तयार, एक डिसेंबरपासून सगळ्यांनी पुण्यात हजर. ज्याला घरूनच काम करायचंय त्याने कारण सांगून परवानगी मागायची. केतकीने मागितली.

जेवताना जुंपली आमची. मी म्हटलं, कंपनीचं बरोबर आहे, माणूस माणसात बसून शिकतो.

"बाबा, माझं काम स्क्रीनवर हाये. मी कुठं बसून करते याच्याशी त्याईले काय करायचं?"

"शिस्त म्हणून काही असते."

"तिथं अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जाते. ते शिस्त हाये का?"

मग शीलाकडे वळली — "आई, तू सांग." शीला पोळी वाढत होती. "मले कोन इचारते?" म्हणाली आणि हात धुऊन मशीनवर जाऊन बसली. तुळशीचं लग्न झालं की गावभरच्या बायकांचे ब्लाउज आमच्याकडे येऊन पडतात. मधल्या खोलीत चालायला जागा नाही.

तोंडाने मी कंपनीची बाजू घेतली. इथे खरं लिहितो — नको जाऊ दे पोरीला. घर कसं भरलेलं वाटतं!

१० नोव्हेंबर

सकाळी केतकीची मीटिंग आणि खालून मशीनचा खडखडाट. शीलाला म्हटलं, जरा बंद ठेव, वर काम सुरू आहे.

"मंग मी काय करून राह्यली इथं?"

म्हटलं, तसं नव्हे गं, वर सगळे साहेबलोक ऐकत असतात. परवानगीचा प्रश्न आहे. आपल्यामुळे पोरीचं काम बिघडायला नको. तिने मशीनवरून पाय काढला आणि हातशिलाई घेऊन बसली. समजूतदार आहे, ऐकते.

११ नोव्हेंबर

आजपासून चहा होईपर्यंत मशीन बंद. काय शांतता!

१४ नोव्हेंबर

काय हे केलं मी! माझी जीभ म्हणजे...

चहा घेऊन गेलो. दोनदा वाजवलं, "या" ऐकू आलं, आत गेलो. मीटिंग सुरूच होती. पडद्यावर तिचे साहेब, कपिल सर. केतकीहून फार मोठा नसेल, पण साहेब तो साहेब. म्हणाले, "नमस्कार काका! केतकीच्या परवानगीचं माझ्याकडेच आहे. तुम्हीच सांगा, घरून काम बरं की ऑफिसातून?"

केतकी माझ्याकडे बघत होती. नुसतं "घरून" म्हणायचं होतं. एक शब्द! पण साहेबाने विचारलं की पाय आपोआप जुळतात, पाठ ताठ होते आणि खरं तेच बाहेर पडतं. आयुष्यभराची सवय. हातात ट्रे धरून म्हटलं, "साहेब, पोरगी कामाची आहे, त्यात शंका नाही. पण मला विचाराल तर माणूस टेबलावर दिसला पाहिजे."

सगळे खो खो हसले. केतकी हसली नाही. मी चहा ठेवला आणि आलो. जिना उतरताना कळलं, केवढा घोळ घातला.

शीलाला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "काहून बोलले तुम्ही? कायले गेलते मधात?"

१७ नोव्हेंबर

चहा नेला. "या, बबनराव" म्हणाली नाही. "ठेवा" म्हणाली.

२० नोव्हेंबर

परवानगी नाही. एक डिसेंबरला हजर.

मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. केतकी येऊन शेजारी पायरीवर बसली. "बाबा, तोंड काहून पाडून बसले? आमच्या टीममध्ये कोनालेच नाही भेटली परवानगी. तुमच्यानं काही नाही झालं." मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. मग म्हणाली, "तुमचं बोलनं तिकडे फेमस झालं. कोनी उशिरा आलं का म्हनतात, माणूस टेबलावर दिसला पाहिजे!"

हसलो. डोळ्यांत पाणी आलं ते तिने बघितलं, पण बघितल्याचं दाखवलं नाही. आईवर गेली आहे.

२४ नोव्हेंबर

तांड्यावरची लालीबाई आली होती. शीलाची जुनी गिऱ्हाईक. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं आणि ब्लाउज तयार नाहीत. निम्मे तर अजून बेतलेलेही नव्हते. मी ओसरीत पेपर वाचत होतो.

"शीलाबाई, तुमची तारीख कधी चुकली नाई. माझ्या लग्नापासून तुमच्याकडं शिवून राह्यली मी. यंदाच काय झालं?"

शीला हळूच म्हणाली, "सकाळी माडीवर मीटिंग असते ना. मशीन बंद राह्यते."

पेपर तोंडासमोरून खाली घ्यायची हिंमत झाली नाही.

मग केतकीला विचारलं, मशीनच्या आवाजाने तिकडे कोणी तक्रार केली होती का? ती बघतच राहिली. "कोनी कायले करन? मशीनचा आवाज आला का मले बरं वाटते, आई खाली हाये म्हनून. तुम्ही बंद केलती का ते? मले वाटलं, तिच्याकडं काम कमी हाये!"

म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं. मीच साहेब, मीच हुकूम.

मी सकाळी एसटी पकडायला निघायचो तेव्हा शीला डबा भरत असायची. संध्याकाळी यायचो तेव्हा पोळ्या लाटत असायची. मधला दिवस मी कधी पाहिलाच नाही. रिटायर झाल्यावर पाहायला मिळाला, तर तो बंद करून ठेवला! घरून काम, घरून काम म्हणून आम्ही बापलेक भांडत होतो आणि ते करणारी पोळ्या वाढत होती. तिला कोणी ना टेबल दिलं, ना कधी दार वाजवलं.

२६ नोव्हेंबर

मशीन पहाटेपासून सुरू. केतकीने सुट्टी टाकली, हुक-बटणं लावतेय. मला सुई दिली होती, बोटात टोचून घेतली, तेव्हा शीलाने काढून घेतली. मग इस्त्री मागितली. ती मला येते! एकेक ब्लाउज असा कडक करून ठेवला की शीला उलटसुलट करून बघत होती. "एवढी वर्षं कुठं होते?" म्हणाली. वणीला होतो, म्हटलं.

लालीबाईचे ब्लाउज संध्याकाळी गेले. वेळेत.

२९ नोव्हेंबर

केतकीला पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून आलो. शीलाने चिवडा, लाडू, लोणचं, सगळं ठासून भरलं. खिडकीतून पोरगी म्हणाली, "बाबा, माडी रिकामी नका ठेवू." गाडी निघेपर्यंत मी हात हलवत होतो. नंतरही हलवत होतो, शीलाने धरून खाली केला.

घर खायला उठलंय.

१ डिसेंबर, सोमवार

काल शेजारच्या गोविंदाला हाताशी घेऊन मशीन माडीवर चढवली. खिडकीशी ठेवली, उजेड चांगला येतो. माझं टेबल आता कापड बेतायला.

साडेनऊच्या आत शीला निघाली. चपला घालून, डबा घेऊन. डबा तिनेच भरला, उद्यापासून बघू.

अकराचा चहा मी केला. साखर जास्त पडली असावी. वर गेलो, दार दोनदा वाजवलं.

आतून आवाज आला, "थांबा जरा, मीटिंग सुरू हाये!" आणि दोघी खिदळल्या. लालीबाईची धाकटी माप देत होती.

थांबलो.