भिंतीवरच्या दोन खुणा

ती. बाबा,

बाथरूमचं काम होत आलंय. उंबरठा काढला, दार रुंद केलं, पाय घसरणार नाही अशी खरबरीत फरशी बसवली. तुम्ही आमच्याकडे राहायला येणार म्हणून जे जे ठरलं होतं, ते सगळं केलं.

कंत्राटदार तुमच्याच कसोटीवर निवडला. तुम्ही फोनवर तुमच्या या सुनेला म्हणाला होतात, "मुकादम, जो आल्या आल्या भाव सांगेल त्याला चहा पाजून वाटेला लाव. जो आधी प्रश्न विचारेल त्याला काम दे." पहिले दोघे चहा पिऊन गेले. तिसऱ्याने विचारलं, "आजोबा काठी कुठल्या हातात धरतात?"

तुम्ही झोपेतच गेलात, तेव्हाच त्याला थांबवायला हवं होतं. मी सांगितलंच नाही. तुमचा मुलगा रोज त्या दारावरून कामाला जातो आणि आत बघत नाही. मीही कंत्राटदाराशी फरशी कुठली, नळ कुठला, एवढंच बोलत राहिले.

आज फक्त धरायचा दांडा लावायचा राहिला होता. त्याने भिंतीवर पेन्सिलने दोन खुणा केल्या आणि ड्रिल मशीन खाली ठेवलं.

"वहिनी, भोकं आत्ता पाडत नाही. आजोबांना येऊ द्या. त्यांचा हात कुठे पोचतो ते बघू. अंदाजाने लावलेला दांडा ऐन वेळी दगा देतो."

मी बरं म्हटलं. तो हत्यारं आवरून गेला.

माणूस भरवशाचा मिळाला, बाबा. तुमच्यासाठी थांबलाय.

तुमची,
मुकादम