जावयासाठी घोडी

तोरेमोरा,
२ मार्च १९६४

चि. कासिल्दास बाबांचे अनेक आशीर्वाद.

जावईबापूंना तिकडच्या राजवाड्यात ‘नाइट’ हा किताब देणार, हे वाचून तुझी आई रडली आणि मी टोपी चढवून थेट चौकात गेलो. आपल्याकडे त्याला काबायेरो म्हणतात. घोडेस्वार, सभ्य गृहस्थ, खानदानी माणूस, सगळं त्यात आलं. मेच्या जत्रेत देवीपुढचं निशाण घोड्यावरून जावईच नेतील, असं मी पाद्रीबाबांना सांगून टाकलंय. कंबर मोडल्यापासून मला खोगिरावर चढता येत नाही, आणि आजवर आपल्या घराकडे असलेला निशाणाचा मान स्वतःच्या घरी न्यायला सातुर्निनो टपून बसलाय. हाडांच्या डॉक्टरला घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते तरी ठाऊक आहे का, असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. घोडी मी सांगून ठेवली आहे.

बाबा

लीड्स,
१५ मार्च १९६४

ती. बाबांना कासिल्दाचा सा. न. वि. वि.

मला न विचारता गावभर दवंडी पिटलीत, धन्य आहे तुमची. एडविन उभ्या जन्मात घोड्यावर बसलेले नाहीत. इथे घोडाबिडा कोणी देत नाही. गुडघा टेकायचा, खांद्याला तलवार लावतात, झालं. इंग्रजीत ‘नाइट’ हा शब्द फार पूर्वी पोरसवदा चाकराला लावत, योद्ध्याला नंतर. एडविनना तो चाकरच जास्त आवडतो. खाणीतल्या माणसांची हाडं जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मेपर्यंत बाळंतपण जवळ येईल, त्यामुळे मला निघता येणार नाही, पण ते येतो म्हणताहेत. तुमची मान खाली जाऊ देणार नाही म्हणाले. कसं, ते मलाही सांगत नाहीत.

आपली,
कासिल्दा

तोरेमोरा,
२० मे १९६४

चि. कासिल्दास अनेक आशीर्वाद.

जत्रा पार पडली. जावईबापूंनी मला लहान मुलासारखं उचलून घोडीवर बसवलं, कंबरेला उशा लावल्या, निशाण माझ्या हातात दिलं आणि स्वतः लगाम धरून उन्हातून पायी निघाले. इंग्रजांचा काबायेरो मोतद्दार झाला, असं सातुर्निनो ओरडला. जावईबापू आपली भाषा मोडकीतोडकी बोलत म्हणाले, “बरोबर आहे, मी त्याच कामाला आलोय.” मग कोणी हसलं नाही.

चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबा रिवाजाप्रमाणे काबायेरो म्हणून एकेका स्वाराचं नाव पुकारत होते. ते माझ्या नावाशी आले तेव्हा मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि लगाम धरणाऱ्याचं नाव घ्यायला लावलं. आपल्या चौकात पायी चालणाऱ्याला काबायेरो म्हणून पुकारलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. सगळ्या स्वारांनी टोप्या काढल्या, सातुर्निनोनंसुद्धा.

तब्येतीला जप. लोभ तुझ्यावर आहेच. जावयावर थोडा जास्त झालाय, रागावू नकोस.

बाबा