मुकं बीकन

४ जानेवारी
पोहोचले एकदाची या डोंगरगावात, स्कीइंग शिकायला! खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत बर्फाची भुरभुर सुरू झाली की सिस्टर क्लोटिल्ड पडदे ओढून घ्यायच्या, मुलींचं लक्ष फळ्याकडे राहावं म्हणून. आता साठीनंतर पडदे ओढणारं कुणी नाही. घरमालकीण आर्डिथने वाटाण्याचं गरम सूप वाढलं. माझी खोली तिच्या मुलीची, मॅरिसची; भिंतीवर लाल हातमोजे घातलेला तिचा फोटो. तीन हिवाळ्यांपूर्वी ती वरच्या उतारावर बर्फाखाली गाडली गेली, सापडलीच नाही. आर्डिथ अजून तिचं ताट मांडते.

६ जानेवारी
डोंगरातल्या स्कीइंगचा वर्ग सुरू झाला. शिक्षक लाइल, देखणा आणि थट्टेखोर. प्रत्येकाच्या छातीवर बीकन, म्हणजे छोटंसं रेडिओ यंत्र बांधलेलं. ते सतत बीप पाठवत राहतं. कुणी गाडलं गेलं, तर बाकीच्यांनी आपापलं बीकन ‘शोध’वर टाकायचं, म्हणजे बाण आणि अंतर दिसतं. मात्र ‘शोध’वरचं बीकन स्वतः मुकं होतं. निघताना तपासणीसाठी लाइल आपलं ‘शोध’वर ठेवून उभा राहतो आणि आम्ही एकेक जण त्याच्यासमोरून जातो. मला म्हणाला, "आज्जी, तुमचं तर माझ्या सासूपेक्षा जोरात ओरडतंय!" खूप हसलो. सगळे पुढे गेल्यावर आणखी एक बीप आला. लाइलचं हसू मावळलं.

७ जानेवारी
आर्डिथला त्या जास्तीच्या बीपचं सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला. मग तिनेच सांगितलं, मॅरिसला वर नेणारा लाइलच होता. तिचा बीप येत असतानाच त्याने शोध सोडला, आणि खाली येऊन सांगितलं की सिग्नल गेला. त्याच्या सोबत्याने नंतर हे कबूल केलं. "जिवंत होती गं ती," म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

९ जानेवारी
तो जास्तीचा बीप आजही. उताराकडून. लाइल पांढराफटक. यंत्र बिघडलंय म्हणाला, चला. त्या घाईत त्याचं बीकन ‘शोध’वरच राहिलं. मी हाक मारून सांगितलं. "आज्जी, मला शिकवू नका!"
उतारावरचा बर्फ तुटून कोसळला. फक्त त्याच्यापुरता.
आमचे सगळे बाण एकाच जागी. खणलं. मॅरिसचा लाल हातमोजा. बस्स. लाइलचा बीप नाहीच. खालून कुणी ओरडत होतं — की वारा —

१० जानेवारी, दिवेलागण
लाइल सापडला नाही. आर्डिथने आज दोन ताटं जास्त मांडलीत.
माझं बीकन बंद आहे. तरी टेबलावर — बीप. बाण दाराकडे. चाळीस मीटर. वीस.
"आली गं माझी पोर," आर्डिथ म्हणाली. एकटी नाही आली, म्हणाली.
पायरीवर काहीतरी ओढत आणल्याचा आवाज. कुणीतरी रडतंय. आज्जी, म्हणतंय. तो अजून जिवंत —
उघडू नकोस म्हटलं. ती हसतेय. कडी —