कामावर परत बोलावण्याचे पत्र

साखर पेठ, सोलापूर
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप शंकरप्पा काका,

वैदेहीचा वाकून नमस्कार. वैरागला लेकीकडे, गोदावरीताईंकडे, आपणांस करमत असेल, गुडघ्याचे दुखणेही उतरले असेल, असे धरून चालते. आपल्या घराचे कुलूप शाबूत आहे. दारातल्या जास्वंदीला आई पाणी घालते. मी दोनदा फोन करण्याचे धाडस केले; परंतु आपला आवाज ऐकताच ‘चुकून लागला’ असे म्हणून ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

पत्रास आणखी एक कारण आहे. ते सांगण्यापूर्वी कारखान्याची हकीकत सांगते.

मे महिन्यात आपणांस पेट्या बांधण्याच्या कामावरून निरोप दिला, तेव्हा कुरिअर कंपनीची माणसे नुकतीच आत आली होती. पूर्वी त्यांची गाडी फाटकाशी थांबे, पेट्या घेई आणि जाई. आता टॉवेलची घडी, लेबल, बंदराची कागदपत्रे, परदेशी गिऱ्हाइकांना उत्तरे, परत आलेला माल, सारे तेच पाहतात. आणि तेही कारखान्याच्या नावाने. मालक म्हणतात, “आपण विणायचं. बाकी त्यांचं.” कंपनीचे इथले व्यवस्थापक महेश्वर सर सांगतात, की साऱ्या जगात आता असेच चालते. असेलही. मला पगार कंपनी देते, बसते मी कारखान्यात, आणि गळ्यात दोन ओळखपत्रे असतात. वॉचमन रज्जाकभाई रोज विचारतात, “काय ताई, आज कुणाच्या? आमच्या का त्यांच्या?” ते हसतात. मला मात्र उत्तर खरोखरच ठाऊक नसते.

जूनमध्ये रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाने लिहिले, की इतकी वर्षे तुम्ही माल जपून पाठवता, त्याबद्दल आभार. ते आभार खरे तर आपणांस होते, काका. मी कारखान्याच्या नावाने ‘आम्हीही ऋणी आहोत’ असे उत्तर धाडले. त्यात खोटे नेमके काय होते, ते मला अजून सांगता येत नाही. पण त्या दिवशी जेवणाचा डबा उघडावासा वाटला नाही.

काका, निरोपाच्या दिवशी आपण गोदामात उभे राहून मला विचारले होते, “वैदू, ह्या लोकांना एवढं सगळं कसं गं ठावं? कुणाला कसली घडी लागती, कुटल्या पेटीत किती थर... तीस वर्सांचं काम आठ दिवसांत शिकली की! एवढं सोपं हुतं व्हय माझं काम?”

मी मान खाली घातली. आपणांस वाटले, मला रडू येते आहे.

त्यांना ते मी सांगितले होते.

एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी आपण मला चार रविवार समोर बसवून सांगितलेत. “लिही की. बारीक अक्षर हाय तुझं, बसंल सगळं.” मी ते नीट मांडले, तक्ते आखले. पुढे आपणच मालकांकडे शब्द टाकून मला मुलाखतीला बोलावणे मिळवून दिलेत, आणि त्या मुलाखतीत मी ती वही मोठ्या अभिमानाने महेश्वर सरांपुढे ठेवली. नेहमी पहिली येणारी मुलगी दुसरे काय दाखवणार? त्यांनी ती ठेवून घेतली. गोदामाच्या भिंतीवर जे इंग्रजी तक्ते लागले, ते माझ्या वहीतलेच. आपले काम सोपे नव्हते, काका. ते मी सोपे करून दिले.

एकच गोष्ट वहीत नव्हती. पावसाळ्यात पेटी बंद करण्यापूर्वी आपण गठ्ठ्याच्या मधला टॉवेल ओढून माझ्यापुढे धरला होता. “पंज्यानं न्हाय, हाताच्या पाठीनं बघ. कळलं का काय?” मला काहीच कळले नाही. “आजून वल हाय त्यात. उद्या बांधायचं.” जे कळले नाही ते लिहायचे कसे, म्हणून तेवढी जागा मी रिकामी सोडली. जुलैत भरलेल्या पेट्या रॉटरडॅमला उघडल्या, तेव्हा कुबट वास आला. गिऱ्हाइकाने माल नाकारला. सरांनी ओल मोजण्याचे यंत्र आणले. यंत्राने कोरड्या ठरवलेल्या पेट्यांनाही आठ दिवसांत तोच वास येतो.

आता पत्राचे खरे कारण. बुधवारी महेश्वर सरांनी मला बोलावले.

“शंकरप्पांना परत घ्यायचंय. तुझं मराठी चांगलं आहे, पत्र तूच लिही. जरा मान देऊन लिही.”

“किती दिवसांसाठी, सर?” मी त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

“दोन महिने पुरे. तू शेजारी बस आणि सगळं उतरवून घे. पण ते पत्रात नको. आल्यावर बघू.”

ते पत्र सोबत जोडले आहे. त्यात ‘आपल्या अनुभवाची कारखान्यास नितांत आवश्यकता आहे’ असे वाक्य आहे. ते खरेही आहे. दोन महिन्यांची गोष्ट तिथे नाही, म्हणून ती इथे लिहिली.

आपण यावे की येऊ नये, हे मला ठरवता येत नाही. सर वाईट नाहीत. त्यांनाही वरून कोणी विचारत असते. माल असाच परत येत राहिला तर मागावरच्या माणसांचे काय होईल, हा विचारही मनात येतो. मग वाटते, हा विचार माझा आहे, की मला पगार देणाऱ्यांचा? दोन दिवस यातच गेले.

एवढेच मागते. आलात, तर कायमची नेमणूक आधी लिहून घ्या, आणि तोवर मला शेजारी बसू देऊ नका. मी कितीही गोड बोलून विचारले, तरी सांगू नका. आपण सांगितलेत, तर मी ते नीट लिहून काढीन, काका. मला तेवढेच येते.

आपली (असे म्हणण्याची अजून परवानगी असल्यास),
वैदेही