मागच्या खोलीचं कारण

मॉरीन,

इथे ॲबरडीनच्या बंदरावर मी धडधाकट आहे, काळजी नको. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?

सिगारेट सोडली. तिच्याऐवजी व्हेप, ती बॅटरीवरची वाफेची नळी, घ्यायला गेलो, तर दुकानातली पोरगी म्हणाली, "काका, नवशिक्याला हा बारकाच बरा. सिगारेटसारखाच ओढायचा." मी ऐटीत भलंमोठं धूड उचललं. पहिल्याच झुरक्याला खोकून खोकून जीव अर्धा झाला. सोबतचे कामगार ओरडले, "क्लाइवचं इंजिन पेटलं रे!" मग मुकाट्याने बारका आणला. तो मात्र जमला.

आता अंगाला धुराचा वास येत नाही. त्याच वासापायी तू मागच्या खोलीत झोपायला लागलीस ना?

नाताळला घरी येतोय. तोवर दुसरं कारण शोधून ठेव.

अजून तरी तुझाच,
क्लाइव