राजाला झूल घातली नाही

बेंदूर. संध्याकाळ.

राजाच्या जोडीच्या बैलाला, सर्जाला, पुरलं तिथला चुना अजून पांढरा आहे, आणि आबा म्हणतात राजाला मिरवणुकीत काढ. थोरले दीर आहेत, आजवर त्यांना कधी उलट बोलले नाही. पण सकाळी राजाच्या मानेवर गाठ हाताला लागली. सर्जाचं लंपीचं दुखणं असंच सुरू झालं होतं.

"एकच तर गाठ हाय," आबा म्हणाले. "झुलीखाली झाकंल. पहिला बैल आपल्या घरचा, ह्यो मान काय आजचा हाय?"

"आवं आबा, गाठ झाकंल. तिच्यावर बसल्याल्या माश्या कशा झाकायच्या? त्या गावच्या बैलांवर बसतील की."

"लय शिकलीस गं."

शिकलेच. सर्जा गेला तेव्हा शिकले. हे तोंडावर का नाही बोलले?

गोठ्याला मच्छरदाणी लावली म्हणून पोरं हसली. "बैलाचं लगीन हाय व्हय, काकी?" हसू देत. ती गाठ डोक्यातून जात नाही. सुपारीएवढीच आहे. वाढली असेल का?

मग ढोल दारात येऊन थांबले. राजा सवयीने दाव्याला हिसके देऊ लागला. मी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले.

"मान कुणालाबी द्या. बैल भाईर येणार न्हाई."

सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्याने, मी!

शेजारच्या तात्यांचा बैल पुढे गेला. अंग कसं चकचकीत होतं. तसंच राहू दे. आबा आता माझ्याशी बोलणार नाहीत. नाही तर नाही.