सगळ्यात बुटकीचं माप

प्रिय ढब्बू,

पाकिटावर साहेब लिहिलंय, आत लिहिणार नाही. हे पत्र शनिवारच्या आत वाच. सोमवारी आमच्या कारखान्यातल्या लाइनवर तू आखलेली बारा नवी स्टेशनं, म्हणजे पंप जोडायची टेबलं, जमिनीत बोल्टने पक्की होणार आहेत आणि त्याआधी मला काही सांगायचंय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा कागद.

घरी सगळं ठीक. आई गुडघ्याला तेल चोळते नि डॉक्टरांना नावं ठेवते. तू ते व्हीआरचं यंत्र घेऊन आमच्या कारखान्यात आलास, त्याचं कौतुक तिला अजून पुरतंय. शेजारणींना सांगते, माझ्या लेकाने रिकाम्या खोलीत कारखाना उभा केला. खोटं नाही ते. तू माझ्या डोळ्यांवर ते यंत्र चढवलंस आणि मीटिंगची खोली गायबच झाली. समोर टेबल, त्याच्या वर उंचावर सुट्या भागांचे ट्रे, बाजूला टांगलेला स्क्रूड्रायव्हर. अठरा वर्षं पंप जोडतेय, पण बिनवजनाचा पंप पहिल्यांदाच हातात घेतला. मध्येच दमून त्या टेबलाला टेकायला गेले आणि आडवी होता होता वाचले. तुम्ही सगळे खो खो हसलात, मीही हसले.

तू मॅनेजरना समजावलंस की लाइनवर सगळ्यात बुटकी माझी ताई, तिचा हात वरच्या ट्रेला पोहोचला की सगळ्यांचा पोहोचणार. तुझं बोलणं ऐकून ऊर भरून आला होता आणि बुटकी म्हटल्यावर नाकाला मिरच्याही झोंबल्या होत्या. नमुन्याचं एक स्टेशन गेल्या आठवड्यात बसलं. तिथे काम करणारी मुलगी रोज सुट्टी झाली की खांदा दाबत बाहेर पडते. तिला वाटतं आपलंच काही चुकतंय, कारण ताईचा हात पोहोचल्याचं कॉम्प्युटरमध्येच आहे. बिचारी कुणाला बोलत नाही. माझ्यापेक्षा चांगली दोन बोटं उंच आहे ती.

ढब्बू, माझा हात पोहोचत नव्हता रे. तुझ्या यंत्राला डोकं कळतं, हात कळतात, पाय कळत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. तुम्हा सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या पडद्यावर होते. वरच्या ट्रेला चाळीस वेळा हात लावायला सांगितलंस, चाळीसच्या चाळीस वेळा मी चवड्यांवर उभी राहिले आणि वर हात पोहोचतो अशा कागदावर सहीही ठोकली. तुझी फजिती होऊ नये म्हणून केलं, असं मनाला समजावत राहिले. खरं म्हणजे मला चारचौघांत कमी पडायचं नव्हतं. फार लाज वाटते. मॅनेजरना मी उद्या सकाळी स्वतः सांगणार आहे, बोलणी मी खाईन. तू फक्त बोल्ट थांबव आणि ये. माझं माप पुन्हा घे, आणि या वेळी आधी माझ्या टाचांकडे बघ.

तुझीच,
बुटकी ताई